वयाची अट

ती उभी रेघ, केसाइतकी बारीक, कॉम्प्युटरच्या पडद्यावर शोधाच्या चौकटीच्या डाव्या कडेला चिकटलेली — दिसायची, जायची, पुन्हा दिसायची — आणि मीनाक्षीला वाटत होतं की ती आपल्याकडे बघून पाय आपटते आहे. लिहा, बाई. काय ते लिहा लवकर. आपटू दे. एकाहत्तर वर्षांत असे पाय आपटणारे पुष्कळ पाहिले. साहेब पाहिले, सासूबाई पाहिल्या, बँकेच्या खिडकीमागचे तर कितीतरी... त्यातल्या एकासाठीही तिनं घाई केली नव्हती.

राजारामपुरीतल्या वर्षाराणीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दुपारी मुलं नसतात, म्हणून ज्येष्ठ नागरिक संघानं त्या वेळात हा वर्ग ठेवला होता: सरकारी संकेतस्थळावर आपल्याला हवी ती माहिती आपली आपण कशी शोधायची. कुणाला पेन्शनचं बघायचं होतं, कुणाला ऑपरेशनच्या मदतीचं. मीनाक्षीला एकच गोष्ट बघायची होती आणि ती तिनं अजून कुणाला सांगितली नव्हती. सत्तरीनंतर दुचाकीचं लायसन्स खरंच मिळत नाही का?

दत्तप्रसाद तसं म्हणाला होता. तिचा मुलगा, पुण्याहून, फोनवर, अगदी मऊ आवाजात. "आई, सत्तरीनंतर रिन्यू होतच नाही. सरकारी नियमच आहे, मी तरी काय करणार?" सरकारी म्हटल्यावर ती गप्प झाली... आणि तेवढ्या गप्प बसण्यात त्यानं गिऱ्हाईकसुद्धा बघून टाकलं. रविवारी माणूस येणार होता आणि तिची निळी स्कूटर घेऊन जाणार होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकलेली स्कूटर. "आता या वयात?" असं ह्यांनी तेव्हा विचारलं होतं. त्याच्याही आधी, सोळाव्या वर्षी, वडिलांनी सायकल बंद केली होती — मोठी झालीस आता, शोभत नाही. म्हणजे वय कधी नव्हतंच बरोबर. एकतर जास्त, नाहीतर फारच जास्त. मधली ती योग्य वयाची मीनाक्षी होती तरी कुठे, आणि तिला कुणी पाहिली होती का?

तिनं लिहायला घेतलं. एकेक अक्षर शोधत, पण नेटकं. 'महोदय, सविनय विनंती की, माझे वय एकाहत्तर वर्षे असून मला माझ्या वाहन परवान्याबाबत...' पूर्णविरामसुद्धा दिला. बटण दाबलं. पडदा पांढरा झाला आणि मग उत्तर आलं: काहीही आढळले नाही.

"काकू, अर्जच लिहिलासा की!" वर्षाराणी मागून वाकून बघत होती. पंचेचाळिशीची, खणखणीत आवाजाची, माहेर कागलचं. "आत कुणी साहेब बसलेला न्हाय. काय पायजे तेवढंच म्हणायचं. दोन-तीन शब्द, बास."

"आमचं बरं हाय मॅडम," शेजारच्या कॉम्प्युटरवरून हंबीरराव म्हणाले. वारणानगरच्या डेअरीत उभी हयात घालवलेला माणूस, एका बोटानं कीबोर्डवर ठोसे मारत होता. "आमाला अर्ज येतच न्हाय. आमी नुस्तं वरडतोय."

सगळे हसले. मीनाक्षीही हसली, पण आतून तिला ते बोचलं. दोन-तीन शब्द. क्रियापद नाही, कृपया नाही, खाली आपली विश्वासू नाही... शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं तिनं सगळ्यांचे अर्ज लिहिले होते आणि घरातसुद्धा — हो, घरातसुद्धा — काही मागायचं तर आधी प्रस्तावना. तुम्ही दमला असाल, चहा टाकू का, नाही म्हणजे, मी म्हणत होते की... मी काय मागत होते ते त्या चहात कितीदा विरघळून गेलं! आता इथे एक यंत्र सांगत होतं की प्रस्तावना नको, काय हवंय ते बोल. एवढं सरळ तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिनं लिहिलं: लायसन्स वय. खतांच्या दुकानांच्या लायसन्सची माहिती आली, हॉटेलांच्या आली. मग तिला आठवलं, सरकार लायसन्स म्हणत नाही. कागदोपत्री ते अनुज्ञप्ती म्हणतं. पण 'ज्ञ' कुठे दडलाय? ती शोधत राहिली, अक्षरं नाचत राहिली आणि बाजूनं वर्षाराणीचा हात आला, बांगड्या वाजल्या, तिच्या बोटांखालून कीबोर्ड ओढला गेला.

"द्या काकू, मी काढून देतो झटक्यात."

"नको. हात काढा!"

केवढा मोठा आवाज निघाला! खोलीतले सगळे वळले. क्षणभर तिला लाज वाटली आणि लगेच वाटलं, कसली लाज? सगळे झटक्यात काढूनच देतात. मोबाईलवरचं काढून देतात, बँकेतलं काढून देतात, औषधं काढून देतात आणि काढता काढता एक दिवस गाडीही काढून टाकतात. "चुकले तर विचारीन तुम्हाला," ती हळू आवाजात म्हणाली, "पण शोधणार मी."

"करू द्या की त्यांचं त्यांस्नी," हंबीरराव म्हणाले.

वर्षाराणी रागावली नाही. तिनं स्टूल ओढलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. "बरं. मी नुसतं सांगतो, हात लावत न्हाय."

मग तसंच चाललं. ती सांगायची, मीनाक्षी करायची. मध्येच पान मिटलं, पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि वर्षाराणीचे हात शिवशिवले तरी जागचे हलले नाहीत. शेवटी पान सापडलं. अनुज्ञप्तीचं नूतनीकरण. ठरावीक वयानंतर डॉक्टरांचा दाखला, थोड्या थोड्या वर्षांची मुदत... मीनाक्षी एकेका ओळीवर बोट ठेवून खाली गेली. सत्तर कुठे होतं?

"पानात शब्द शोधायचा तर कंट्रोल आन् एफ, एकदम दाबा."

तिनं दाबलं. सत्तर: नाही. आकड्यात ७०: नाही. कमाल वय... नाही.

"न्हायच काकू तशी अट. डॉक्टरनं फिट म्हटलं की झालं."

झालं. सरकारनं नाही म्हटलंच नव्हतं. दिल्लीनं नाही, मुंबईनं नाही. नाही म्हटलं होतं पुण्यातल्या एका फ्लॅटनं. दत्तू खोटं बोलला. आणि मी ऐकलं... तिला संताप आला. घाबरला असेल, हे तिला कळत होतं. गेल्या साली वळणावरच्या वाळूत ती घसरली होती, गुडघा फुटला होता, आणि शेजाऱ्यांनी ते त्याला कळवलं होतं. पण मग भीती वाटते असं म्हणायचं की! आईपुढे घाबरायची लाज वाटते म्हणून सरकारला मध्ये घालायचं?

पानाच्या खाली अर्जदारानं स्वतः भरायचे प्रश्न होते. फेफरं येतं का. मग: पंचवीस मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट, स्वच्छ उजेडात, चष्म्यासह, प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? प्रत्येक डोळ्याने. मीनाक्षी त्या दोन शब्दांपाशी थांबली. डाव्या डोळ्याचं तिनं डॉक्टरांनाही नीट सांगितलं नव्हतं.

"भरायचं काय काकू?" वर्षाराणीनं विचारलं.

"आज नको," ती म्हणाली.

खाली रस्त्यावर चारचं ऊन होतं. केएमटीची बस, रिक्षा, क्लासला निघालेल्या मुलींच्या गाड्या. मीनाक्षी एका दवाखान्याच्या पायरीवर चढून उभी राहिली आणि लांब, औषधाच्या दुकानापाशी लावलेल्या पांढऱ्या मोटारीच्या नंबरप्लेटकडे तिनं पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ. मग डावा झाकला — वाचता आलं. मग उजव्यावर तळवा धरला. शेवटचा आकडा तीन होता की आठ? थोडा वेळ तीन वाटला, मग आठ. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

पिशवीत फोन वाजायला लागला. दत्तूच असणार, रविवारचं विचारायला. वाजू दे. कदाचित हा डोळा नाहीच म्हणेल. कदाचित रविवारी त्या माणसाला मीच सांगेन की घेऊन जा, आणि दारात उभी राहून रडेन... किंवा त्याला हाकलूनही देईन. अजून ठरलेलं नव्हतं. पण ठरेल ते इथे, याच डोळ्यात, आणि आधी ते तिला कळेल, मग दत्तूला. फोन थांबला, पुन्हा वाजू लागला. तिनं तळवा जरा घट्ट दाबला आणि वळणावरून येणाऱ्या पुढच्या गाडीवर डावा डोळा रोखला.