उंदराच्या पलीकडे कोण होतं?

मी एक जुनी बावीस बोरची रायफल आहे. मित्रांनो, इंचाचे शंभर भाग केले, तर त्यातल्या बावीस भागांएवढं माझ्या नळीचं भोक. मला कुणी घडवलं ते आठवत नाही. आठवतं ते आंबागडचं घर आणि घरधनी मारोतराव. पीक राखायला परवाना काढून त्यांनी मला आणलं. धानाच्या बांध्यांतले उंदीर मी टिपायची, तेव्हा गाव माझं कौतुक करायचं. मला नियमानं तेल मिळायचं.

मग एकदा शहापूरहून पुतण्या कमलेश आला आणि माझं डोकं चक्रावलं.

"काका, सतरा बोरची घ्या. गोळी बारीक, पण लय वेगानं जाते. मातीले लागली का तिचा चुरा होते. तुमची बावीसची जड अन् हळू. पाण्यावरून उडते."

"उंदरासाठी बावीस पुरते," मारोतराव म्हणाले. "तुह्या सतराच्या गोळ्या इथं भेटते का?"

सतरा बावीसपेक्षा लहान, मग ती वरचढ कशी? आणि मी हळू आहे, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नव्हतं. वाद काही मिटेना. शेवटी मारोतराव मला घेऊन बोडीवर, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर गेले. कमलेशही मागोमाग आला. पलीकडच्या काठाला, पाण्यालगत एक उंदीर बसला होता. मारोतरावांनी नेम धरून चाप ओढला. गोळी जरा खाली गेली, पाण्याला चाटली आणि वर उडाली.

पलीकडच्या पाळीवरून, म्हणजे बोडीच्या बांधावरून, त्यांची बायको शकुनबाई जेवण घेऊन येत होती. तिच्या डोक्यावरचा डबा खणकन वाजला. कपाळावरून लाल ओघळ खाली आला. मारोतराव मटकन खाली बसले. कमलेश धावत गेला.

तो वांग्याचा रस्सा होता.

शकुनबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि डब्याच्या भोकात बोट घालून पाहिलं. "उंदीर मेला का?" तिनं विचारलं.

आता मला तेल मिळत नाही. चूक बावीसच्या गोळीची, मारोतरावांची की माझी, मला उमगत नाही. कमलेशही सतराचं नाव काढत नाही. शकुनबाईनं तो डबा माझ्याच खुंटीला अडकवलाय. मला घ्यायला येणाऱ्याचा हात आधी त्याला लागतो.

मित्रांनो, गंज मी सोसेन. पण बंदूक कुठल्याही बोरची असो, उचलण्याआधी नेमाच्या पलीकडे कोण येतंय ते पाहा. मला ते दिसत नाही. उंदराचं काय झालं, तेही मला अजून कळलेलं नाही.