अर्धं शटर

मी शटर बोलतोय. दचकू नका. मला हळू बोलता येत नाही; तोंड उघडलं की अख्ख्या गल्लीला कळतं. कांजूरमार्ग पूर्वेला गॅलऱ्यांची एक जुनी तीन मजली इमारत आहे, तिच्या तळमजल्यावरच्या दोन नंबरच्या गाळ्याला मी बसवलेला आहे. इतकी वर्षं फक्त वरखाली झालो. आज जरा मनातलं बोलतो, कारण पुन्हा संधी मिळेल असं वाटत नाही.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमधला. पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवल्या, वर स्प्रिंग बसवली, राखाडी रंग मारला आणि टेम्पोत आडवं टाकून इथे आणलं. या गाळ्याचा मालक नंदकुमार; त्याच्या वडिलांची परळच्या कापडगिरणीतली नोकरी गेली होती, म्हणून त्यांनी इथे पिठाची गिरणी टाकली. मला पहिल्यांदा वर केलं तेव्हा त्यांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी माझ्या खालच्या पट्टीवर उडालं. तिथेच मला पहिला गंज धरला, पण राग नाही हो.

वडिलांमागे नंदकुमार बसायला लागला. दिवसभर डब्यांची रांग. गहू, ज्वारी, भाजणी, दिवाळीत चकलीचं. माझ्या पट्ट्यापट्ट्यांत पीठ जाऊन बसलं. बायका दळण दळून होईपर्यंत मला टेकून उभ्या राहायच्या आणि कुणाची सून कशी, कुणाचा मुलगा कुठे लागला, सगळं बोलायच्या. मला काय, मी पत्रा. माझ्यासमोर माणसं काहीही बोलतात.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकलो. या मुंबईत शटर न बोलताही बोलतं. पूर्ण वर असलं की या बसा. पूर्ण खाली असलं की उद्या या. आणि अर्धं असलं की? बंदच्या दिवशी चोरून दूध विकणारा भैया आठवतो ना, तो. किंवा आत पत्त्यांचा डाव. अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरणाऱ्या माणसाकडे कुणी चांगल्या नजरेने बघत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे याच्यावरूनच सगळी वाट लागली.

लोक पिशवीतलं आयतं पीठ आणायला लागले आणि नंदकुमारला पिठाचा खोकला जडला. शेवटी त्याने गिरणी विकली. जातं निघालं, मोटर निघाली, गाळा रिकामा झाला. मी कितीतरी महिने खालीच पडून होतो. स्प्रिंग आखडली. कुणी ढुंकून बघेना. समोरच्या कट्ट्यावर नंदकुमार आणि त्याचा दोस्त जयवंत संध्याकाळी कटिंग चहा घेत बसायचे, तेवढीच सोबत. जयवंत वर दुसऱ्या मजल्यावर राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी. दोघंही मालवणकडचे, लहानपणापासून एकत्र.

मग प्रीतम आला. प्रीतम पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. नंदकुमारच्या घरचा फिल्टर खोलून बसला होता, काम झाल्यावर दोघं बोलतबोलतच खाली आले.

"काका, हा गाळा फक्त रविवारी सकाळी मिळेल का? प्रार्थनेला हवा होता."

"कसली प्रार्थना रे?"

"आम्ही ख्रिस्ती आहोत, काका. मूळचे नगरकडचे. दहाबारा माणसं जमतो. आधी आमच्या खोलीत जमायचो, घरमालक नको म्हणाले. मग विक्रोळीला एका क्लासमध्ये जमायचो, तो क्लासच बंद पडला."

नंदकुमारने मला थोपटलं. "घे. तेवढीच हवा खेळेल आत. फक्त आवाज सांभाळ. वर जयवंतची आई आहे, इरावती आजी. नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांचं."

इतकंच तो बोलला. आणि विसरून गेला.

पहिल्या रविवारी प्रीतमने मला तेल घातलं. चर्च म्हणजे उंच दगडी इमारत, वर घंटा, असं मी गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं. इथे बघतो तर दोन सतरंज्या, एक ढोलकी, भिंतीला टेकवलेला लाकडी क्रूस आणि पिठाचा वास. हे कसलं चर्च, म्हटलं. गाणं सुरू व्हायच्या आधी प्रीतमची बायको श्रुतिका म्हणाली, "अहो, वर आजी झोपल्या असतील. शटर जरा खाली घ्या." प्रीतमने मला कंबरेपर्यंत खाली ओढलं. पंखा एकच होता. घामाने सगळे निथळले, पण एकानेही मला वर करा म्हटलं नाही.

आजी महिन्याभरात बऱ्या झाल्या. गॅलरीत बसून लसूण सोलायला लागल्या. पण यांना ते कोण सांगणार? दर रविवारी मी आपला अर्धा. सवयच पडली.

माणसं मात्र वाढत गेली. बाहेरच्या चपला आधी पायरीवर मावायच्या, मग गटारापर्यंत गेल्या. मिझोरामची एक नर्स यायला लागली, झारखंडचा एक सिक्युरिटीवाला, तामिळ बोलणारी एक म्हातारी. नाक्यावरची भाजीवाली जयंती यायला लागली. तिचा नवरा दारूपायी गेला, त्यानंतर श्रुतिका तिच्याजवळ जाऊन बसायची, भाजी निवडू लागायची. जयंतीनेच तिला एक दिवस विचारलं, तुम्ही रविवारी कुठे जाता गं? इथून उठून काहीजणांनी दिवा स्टेशनजवळ जमायला सुरुवात केली, काहीजणांनी बदलापूरला. एकदा केनियाहून एक पाहुणे आले. उंच माणूस, वाकायला विसरला आणि माझ्यावर असं डोकं आपटलं की मीच कळवळलो. ते हसले, म्हणाले, आमच्या गावी चर्च आंब्याच्या झाडाखाली भरतं, तिथे शटर नसतं. श्रुतिका खूप हसली होती त्या दिवशी.

बाहेरची माणसं मात्र हसत नव्हती. रस्त्यावरून फक्त पावलं दिसायची आणि वाकून आत शिरणाऱ्या पाठी. चर्चा सुरू झाली. आत तांदळाच्या गोण्या वाटतात म्हणे. आत धर्म बदलल्याच्या सह्या घेतात म्हणे. एका संध्याकाळी जयवंत कट्ट्यावर बसला आणि कटिंग हातात तशीच राहिली.

"नंद्या, तू त्यांना काढ."

"अरे, गरीब माणसं आहेत यार."

"गरीब आहेत तर शटर पाडून का बसतात? सरळ मामला असता तर उघड्यावर केलं असतं. माझा मावसभाऊ असाच कुठेतरी जायला लागला. आता गणपतीला गावी येत नाही. मावशी दारात बसून वाट बघते त्याची. उद्या आपल्या बिल्डिंगमध्ये हे झालं तर मी काय तोंड दाखवू?"

जयवंतची भीती खोटी नव्हती, हे मलाही कळत होतं. आणि एवढ्या वर्षांची दोस्ती. दुसऱ्या दिवशी नंदकुमारने प्रीतमला बोलावून सांगितलं, येणारा रविवार शेवटचा. प्रीतमने कारणही विचारलं नाही. "बरं काका," म्हणाला. त्याला या वाक्याची सवय झाली असावी. पण सोबत आलेली श्रुतिका घरी जाताना माझ्याजवळ थांबली आणि रडली. "आता कुठे न्यायचं सगळ्यांना? त्या म्हाताऱ्या बाईला धड जिना चढता येत नाही. अर्धी माणसं गळतील." तिचा हात माझ्यावर होता. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! मी पडलो लोखंड, मला कुणाला पोटाशी धरता येत नाही.

तो रविवार उजाडला. सगळे आत बसले. प्रीतमने सवयीने मला खाली ओढायला हात घातला.

"नको," श्रुतिका म्हणाली.

"अगं, वर आजी..."

"दोन वर्षं पाडलं ना? आज जातोच आहोत, तर उघड्याने जाऊ. आणि आजींचाही निरोप घेतल्यासारखं होईल." तिने आकडीची काठी घेतली आणि मला असं वर ढकललं की मी थेट चौकटीच्या माथ्यावर जाऊन आदळलो. काय तो आवाज! आणि त्याच्यामागोमाग ढोलकी आणि सगळ्यांचं गाणं एकदमच गल्लीत गेलं.

कट्ट्यावरून जयवंत तरातरा आला. मागे नंदकुमार. आणि दोघंही दारात थबकले. आत काय दिसलं? तांदळाची गोणी नाही की सह्या नाहीत. पायमोज्यातून अंगठा बाहेर आलेला प्रीतम. त्याच्या शेजारी मुलांना घेऊन बसलेल्या बायका. आणि पहिल्याच सतरंजीवर जयंती.

"जयंती? तू इथे?" जयवंत म्हणाला. ज्या जयंतीकडून तो रोज कोथिंबीर घेतो ती.

"मग! वर्ष झालं, दादा. आणि गोणी कुठाय ते मलाही सांगा. मिळाली असती तर उन्हात भाजी विकत बसले असते का मी?"

आतले हसले. जयवंत नाही हसला. "मग शटर का पाडता रे? लपवायचं काय असतं?"

प्रीतम गोंधळला. "लपवायचं? दादा, तुमच्या आईंसाठी. आजारी होत्या ना? काकांनीच सांगितलं होतं, आवाज सांभाळ म्हणून."

सगळ्यांच्या नजरा नंदकुमारकडे वळल्या. त्याने डोक्याला हात लावला. "आयला! सांगितलं होतं खरं. आणि मीच विसरलो!"

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला. इरावती आजी कठड्यावर ओणवून बोलत होत्या.

"रे जयवंता! थांबवलंस कित्याक? दर रविवारी गाणा सुरू झाला की शटर खाली. माका अर्धाच ऐकाक येता. आज खंय पुरा येत होता, तर तू मधे कडमडलंस! मी जिती आसंय हां अजून!"

जयवंतचा चेहरा बघण्यासारखा झाला. आईपुढे त्याचं काही चालत नाही. तरी तो प्रीतमकडे वळून म्हणाला, "एक खरं सांग. तू लोकांना गणपती सोडा म्हणून सांगतोस?"

"मी जे मानतो ते विचारणाऱ्याला सांगतो, दादा. खोटं नाही बोलणार. पण हात धरून कुणाला आणत नाही. आणि आईला तोडा, घर तोडा, असं कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही."

"मला हे पटत नाही."

"नको पटू दे. पण बघायला कधीही या. शटर उघडं असेल."

जयवंत वर जायला निघाला. दोन पायऱ्या चढून थांबला आणि नंदकुमारला म्हणाला, "दहानंतर ढोलकी नको, सांग त्यांना." हीच परवानगी. प्रीतमला कळायला वेळ लागला, श्रुतिकाला लगेच कळली. ती तिथेच सतरंजीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

तेव्हापासून रविवारी मला प्रीतम उघडत नाही. नंदकुमार स्वतः येतो. गुडघे दुखतात, तरी काठी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. प्रीतम म्हणतो, काका, तुम्ही कशाला त्रास घेता? यावर त्याचं ठरलेलं उत्तर आहे: "प्रार्थना तुमची, शटर माझं." मला पार माथ्यापर्यंत वर करतो, वाकून बघतो नीट बसलोय ना, आणि जयवंतसोबत कटिंग प्यायला कट्ट्यावर जातो. आत तो कधी बसला नाही. जयवंतही नाही. आजी मात्र गॅलरीत खुर्ची टाकून लसूण सोलत ऐकतात आणि ढोलकी चुकली की वरून ओरडतात.

आता माझं वय झालं. स्प्रिंग तुटायला आली, खालच्या दोन पट्ट्या गंजून गेल्या. परवा नंदकुमारने माप घेतलं. बटण दाबलं की चालणारं नवीन शटर येणार, आणि मी भंगारात. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. पिठात राहिलो, गाण्यात राहिलो, इतकं कुठल्या पत्र्याच्या नशिबी असतं?

जाता जाता त्या नव्या गड्याला आणि त्याचं बटण दाबणाऱ्यांना माझी एकच विनवणी आहे. बाबांनो, रात्री खुशाल पूर्ण खाली घ्या. पण आत माणसं असतील तेव्हा वर घेताना मध्ये थांबू नका. वर आजी ऐकतायत.