हाकेची शर्यत

रखमाजीच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या कुंभार पिंपळगावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त रखमाजीला. महिन्यामागं आठवडी बाजारात वडीगोद्रीचा सिराजोद्दीन आपल्या चमेली नावाच्या शिकारी कुत्रीचं कौतुक सांगत बसला होता. बरं, सांगू द्यायचं ना! पण चार माणसं जमलेली बघून रखमाजीला चेव चढला.

"आमच्या भुंग्यापुढं तुमची चमेली म्हंजी शेळी हाय, शेळी! लावा शर्त. कुत्र्यावर कुत्रा!"

कुत्र्यावर कुत्रा, म्हणजे हरणाऱ्यानं आपला कुत्रा जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा. लोकांनी टाळ्या पिटल्या, सिराजोद्दीननं हातावर हात मारला आणि गोष्ट पक्की झाली. घरी रखमाजीच्या बायकोनं, तुळजाबाईनं, त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "तोंड तुमचं, पर भुंग्या माझ्या म्हशीच्या दुधावर वाढलाय. त्याला इचारलं व्हतं का?"

मग एकदा बैल बघायचं निमित्त काढून रखमाजी वडीगोद्रीला गेला आणि त्यानं चमेलीला पळताना पाहिलं. भुंग्या जीव तोडून पळायचा, पण ही कुत्री जमिनीला नुसती शिवून जात होती. भुंग्या हरणार, यात काही शंका उरली नाही. भुंग्याला दुसऱ्याच्या दावणीला बांधायचं, या विचारानं त्याला अन्न गोड लागेना.

या भागात तेव्हा ही शर्यत सशामागं पळवत नसत. रानाच्या एका कडेला कुत्री धरून ठेवायची, दुसऱ्या कडेला मालकांनी उभं राहून हाक मारायची. ज्याचं कुत्रं आधी मालकाला येऊन शिवेल तो जिंकला. मालकानं जागा सोडली, की तो हरला. आणि ज्याचं रान, त्यानं आधी आपली बाजू, म्हणजे आपल्या कुत्र्याची वाट, निवडायची. रान रखमाजीचं होतं.

त्यानं वरची बाजू घेतली. खालच्या बाजूला, चमेलीच्या सरळ वाटेत, चैताच्या उन्हानं काळी माती अशी फाटली होती की माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत आत जावा. बाकीच्या भेगा त्यानं पुंजारामाकडून, आपल्या सालगड्याकडून, बुजवून घेतल्या. ही एक मात्र आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं झाकली. आडव्या तुराट्या टाकल्या, वर भुसा, भुशावर माती. कुत्रीचा पाय मुरगळेल, फार तर मोडेल, मरत तर नाही ना, असं तो स्वतःला समजावत होता. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो. ऐकणारा घरचाच असतो.

शर्यतीच्या सकाळी बांधावर ही गर्दी लोटली. रामराव पाटील पंच होते. लोक निजामाचे हाली रुपये काढून आपापसात पैजा लावत होते. दोन्ही कुत्र्यांना कालपासून अन्न नव्हतं, कारण रिकाम्या पोटी कुत्रं जास्त पळतं असा पैजवाल्यांचा समज. त्यांना स्वतःला एक वेळ उपाशी ठेवलं असतं तर कळलं असतं.

सिराजोद्दीन रखमाजीजवळ आला. "रखमाजीभाऊ, भेगा बराबर बुजवल्या ना? मागल्या साली एका ठिकाणी कुत्र्याचा पाय भेगंत गेल्ता. मालकानं तिथंच गोळी घातली. म्हनला, मोडकं कुत्रं कोन पोसंल. मला तवापासून रानाची धास्ती बसली हाय."

"बिलकुल बुजवल्या," रखमाजी म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही.

"मंग बस. रान तुमचं, जबान तुमची. मी काय फिरून बघत न्हाई."

याहून त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अजून सांगता येईल, असं रखमाजीला वाटलं. पण सगळं गाव बघत होतं, आणि भुंग्या तिकडं पुंजारामाच्या हातात उभा होता. तो आपल्या जागेकडं वळला.

दोघे आपापल्या जागी उभे राहिले. पाटलांनी पंचा उंच धरला आणि खाली टाकला. पलीकडं दोन्ही कुत्री सुटली.

सिराजोद्दीन उकिडवा बसला, हात पसरले आणि गळ्यातून हाक काढली. "चमेली! आ बेटा, आ!"

रखमाजीनंही तोंड उघडलं, "भुंग्या" म्हणाला, पण त्याचे डोळे चमेलीवर होते. ती कान मागं टाकून त्या हाकेच्या रेषेवर सरळ येत होती. सिराजोद्दीन जितक्या मायेनं हाक मारत होता तितकी ती वेग घेत होती. आणि मधे ती भेग होती. या वेगानं ती तिच्यात गेली तर पायच काय, छातीसुद्धा फुटेल, हे आता रखमाजीला लख्ख दिसलं. माणूस आपल्याच लेकराला आगीत बोलवून राह्यलाय आणि आग मी लावली, असं त्याच्या मनात आलं.

"सिराजभाई, हाक थांबव! थांबव!" तो ओरडला. पण गर्दीच्या गलक्यात ऐकतो कोण? मग त्यानं जागा सोडली. धोतराचा सोगा धरून तो जीव खाऊन पळाला, भेगेच्या अलीकडं जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी खांद्यावरचा पंचा हलवू लागला.

चमेली बुजली. तिनं अंग वळवलं, भेगेला वळसा घातला आणि पुन्हा सिराजोद्दीनकडं झेपावली.

रखमाजीच्या जिवात जीव आला. त्यानं वळून पाहिलं.

भुंग्यानं आपली बाजू सोडली होती. त्याला शर्त काय माहीत! मालक जागेवरून हलला, म्हणून तोही वळला होता, तिरपा, सरळ मालकाकडं. दोघांच्या मधे ती भेग होती.

"नको! भुंग्या, हट! भुंग्या, मागं हो!"

कुत्र्यानं तेवढं आपलं नाव ऐकलं आणि पाय आणखी उचलले.

तुराटी मोडली की हाड, हे रखमाजीला आधी कळलंच नाही. भुंग्या तोंडावर आपटला, एकदा किंचाळला आणि मग पुढचा पाय भेगेतच अडकलेला असताना त्याच्याकडं सरपटायला बघू लागला. शेपटी हलवत होता. रखमाजीनं धाव घेऊन त्याला उचललं, तेव्हा तो त्याचा हात चाटत होता.

गर्दी जमली. सिराजोद्दीननं पायानं माती बाजूला केली. खाली भुसा निघाला, भुशाखाली तुराट्या. त्यानं रखमाजीकडं पाहिलं.

"म्या झाकली," रखमाजी म्हणाला. "चमेलीसाठी."

रामराव पाटील पुढं आले. "जागा रखमाजीनं सोडली. कुत्रा सिराजोद्दीनचा." मागून कोणीतरी म्हणालं, मोडकं कुत्रं घेऊन काय करतो, बंदूक आणा. सिराजोद्दीननं तिकडं मान वळवली आणि तो आवाज बंद झाला.

त्यानं डोक्याचा पटका सोडला. दोन तुराट्या उचलल्या, भुंग्याच्या पायाला दोन्ही अंगांनी लावल्या आणि घट्ट बांधल्या.

"सिराजभाई, शर्त मी हरलो. पर याला मजपाशी राहू दे," रखमाजी रडत म्हणाला. "जलमभर पोसतो."

"शर्त नसती तरी तुमच्यापाशी ठिवला नसता," सिराजोद्दीन म्हणाला. आवाज चढला नव्हता. त्यानं भुंग्याला उचलून छकड्यात गवतावर ठेवलं आणि चमेलीला शेजारी बांधलं.

बैल चालू लागले. भुंग्यानं मान उंच केली, कान उभे केले आणि रखमाजीकडं बघत राहिला. तो हाकेची वाट बघत होता. एक हाक पुरली असती. त्या मोडक्या पायानिशी त्यानं छकड्यातून उडी घेतली असती. रखमाजीनं पंच्याचा बोळा करून तोंडात कोंबला आणि छकडा बांधाआड जाईपर्यंत तसाच उभा राहिला.