हॉलिस गुप्टिलविरुद्ध एक लेख

हॉलिस गुप्टिलने आमच्या गावातली निम्मीअधिक माणसं मारली आहेत आणि गाव त्याच्यावर बेहद्द खूश आहे.

तो भयकादंबऱ्या लिहितो, आणि त्या सगळ्या आमच्या टॅनरी फॉल्समध्येच घडतात. दर ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात बीन्सचं जेवण असतं. तिथे तिकीट काढून पिंपात चिठ्ठी टाकायची. जिचं नाव निघेल ती व्यक्ती पुढच्या कादंबरीत मरणार, खऱ्या नावानिशी. चर्चचं छप्पर यावरच टिकून आहे. आमच्या टपालवाल्याला विहिरीतल्या कशाने तरी ओढून नेलं, ते पान त्याने फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय. न्हावी तर नव्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतानाच सांगतो, "माझं डोकं दुसऱ्या प्रकरणात जातं."

अशा गावात राहून मी गुप्टिलवरच्या लेखांचं पुस्तक संपादित करायला घेतलं. जवळच्या कॉलेजात मी तात्पुरता शिकवतो. पुस्तक निघालं तर कायम होईन. नाही निघालं तर मामाच्या बोटीवर लॉबस्टरचे पिंजरे ओढायचे. आणि मला बोट लागते.

लेख भरपूर आले. एका प्राध्यापकाने सिद्ध केलं की गुप्टिलचा राक्षस म्हणजे भांडवलशाही. दुसऱ्याने सिद्ध केलं, आई. तिसऱ्याने, दोन्ही. आणि तिसऱ्या पानावर सगळे एकाच ठिकाणी पोचत होते: मी लहान होतो, पांघरुणात बॅटरी आणि गुप्टिलचं पुस्तक होतं, आईने पकडलं. इतक्या मुलांना पकडणाऱ्या आया झोपत कधी होत्या, यावर मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. त्यात मुद्रितं तपासून होईतो गुप्टिलची नवी कादंबरी यायची, आणि 'त्यांच्या ताज्या कादंबरीत' हे शब्द सगळीकडे खोटे पडायचे.

प्रकाशनाच्या ड्रुसिलाबाईंचा फोन आला.

"लायल, हे पुस्तक आहे की वाढदिवसाचं कार्ड?"

"लोकांना तो आवडतो हो."

"चावणारा एक लेख द्या. बुधवारपर्यंत. नाहीतर आपला राम राम."

गावात चावू शकेल असं एकच माणूस होतं: मिस पोमर्लो. शाळेत त्यांनी आम्हाला भाषा शिकवली. माझ्या आधी गुप्टिललाही. बाई ऐंशीला टेकल्या, पण गुप्टिलने त्यांना एकदाही मारलं नव्हतं. चिठ्ठी टाकणं त्यांना हलकेपणाचं वाटायचं.

त्यांनी लेख दिला आणि मी उभ्याउभ्या वाचला. गुप्टिलला माणसांचा लळा आहे, बाईंनी लिहिलं होतं. चारशे पानं तो त्यांची भांडणं, त्यांचे दात, त्यांची कुत्री मायेने सांभाळतो. मग राक्षस आणायचा राहिलाय हे आठवतं, आणि घाईघाईत सगळ्यांना दलदलीत ढकलून घरी जातो. ज्याला निरोप घेता येत नाही तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या इतक्या कादंबऱ्यांचं एवढंच कारण.

मी बाईंचे हात धरले. "बाई, सोनं आहे हे."

"हात सोड. आणि तुझं नाक वाहतंय."

छापायच्या परवानगीवर सही तेवढी राहिली होती. ती जेवणाच्या दिवशी देते म्हणाल्या.

काकवी घालून शिजवलेल्या बीन्सचा वास तळघरात कोंदला होता. मी बाईंशेजारीच बसलो. गुप्टिल पिंपाजवळ उभा होता: उंच, वाकलेला, स्वेटरच्या कोपराला भोक. त्याने चिठ्ठी काढली.

"विनिफ्रेड पोमर्लो."

"चूक आहे," बाई म्हणाल्या. "मी टाकलेलीच नाही."

"आम्ही टाकलीय!" टपालवाला ओरडला. "सगळ्यांनी! आमचं काय, आम्ही एकेकदा मेलोय. म्हटलं, बाईंना ऐंशीव्या वाढदिवसाची भेट."

पिंपात दुसरं नावच नव्हतं. अख्खं गाव टाळ्या वाजवत उभं राहिलं. मी बसूनच खिशात सहीचा कागद शोधू लागलो.

बाईंनी रुमाल काढला. वर्गात खडू फेकून मारणाऱ्या बाई, रुमाल!

"कसं मारणार आहेस, हॉलिस?"

"विहिरीत म्हणत होतो, बाई."

"विहीर चारदा झाली. वर्गात मार. फळ्यावर वाक्य अर्धं असताना."

"ते जास्त चांगलं आहे," गुप्टिल म्हणाला आणि हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं.

मी सहीचा कागद पुढे केला. बाईंनी तो घडी घालून पर्समध्ये टाकला.

"लेख मागे घेतला, लायल."

"बाई, लेख खरा आहे!"

"खरा आहेच. पण जो माणूस आपल्याला मारणार, त्याच्याविरुद्ध लिहायचं? काही रीतभात?"

"माझी नोकरी जाईल हो! मला बोट लागते!"

"मग पुढे बघत जा, क्षितिजाकडे. बीन्स घे."

हे सगळं गुप्टिलने ऐकलं होतं. तो माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला, आणि बाईंनी त्याच्याही ताटात बीन्स वाढले.

"मी लिहू का?" तो म्हणाला.

"काय?"

"माझ्याविरुद्ध लेख. माझे दोष माझ्याइतके कुणाला ठाऊक? शेवट जमत नाहीत. पाल्हाळ तर विचारूच नकोस."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडीच स्वतःहून पोहत आली होती. मी म्हटलं, बारा पानं, बुधवारच्या आत.

"बारा?" त्याने विचार केला. "बघतो."

मंगळवारी सकाळी त्याचं खोकं आलं. मला ते दोन्ही हातांनी उचलावं लागलं. सहाशेच्या वर पानं होती. विषय: माझा पाल्हाळ.

लाल पेन घेऊन बसलो. सहाशेतून बारा काढायची, त्यात काय? पहिली काही पानं झकास चावरी होती. स्वतःला त्याने इतकं सोललं होतं की मला त्याची कीव आली. पण पुढे कुठेतरी, एक उदाहरण म्हणून, एक तरुण संपादक आला. तात्पुरता शिकवणारा. त्याला बोट लागते. आता हे कापायचं, म्हणून मी पेन टेकवलं, आणि त्या संपादकाला खालून कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली. माझ्याच नावाने. जरा बघू, कोण आहे, मग कापू.

बुधवारी दुपारी फोन वाजला. ड्रुसिलाबाई असणार. एकही ओळ कापून झाली नव्हती, आणि हे त्यांना सांगायला तोंडही नव्हतं. पण फोन न उचलण्याचं खरं कारण वेगळं होतं. संपादकाने तळघराचं दार उघडलं होतं, दिवा लागत नव्हता, आणि ते मूर्ख माणूस खाली उतरत होतं.

"नको ना जाऊस," मी पानाला म्हणालो, आणि फोन वाजतो तसा वाजू दिला.