फुटेल भिंत

गिरधर आबांनी नारळ दगडावर आपटला, पण तो काही फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा शेंडी तेवढी हातात राहिली आणि नारळ गडगडत जाऊन खिंडीच्या तोंडाशी थांबला. मजुरांतलं कोणीतरी खुदकन हसलं. आबांनी मान वळवून पाहिलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं. सहा वर्षं सरपंचकी केलेल्या माणसाच्या नजरेला एवढं वजन असायचंच.

"हासू नका रे. देवनं काम शे," आबा म्हणाले आणि नारळ आणायला स्वतःच वाकले.

देव म्हणजे खिंडीतला दगडांचा ढीग. छातीभर उंच, वेडावाकडा, ना शेंदूर ना झेंडा. भिंतीच्या खालच्या अंगाला भिल्लांची वीसेक घरांची वस्ती होती. वस्तीत नवी नवरी आली की ती आधी या खिंडीत थांबायची, पदराआडचा दगड काढून ढिगावर ठेवायची आणि मगच घराकडे जायची. आबांनी हे लहानपणापासून पाहिलं होतं. शेतावर जाता-येता त्यांचे स्वतःचेही हात तिथे आपसूक जुळायचे. आज खिंडीत पाया खणायचा म्हणजे ढीग हलवणं आलंच. पण कोणाच्या देवाला धक्का देऊन कामाचा नारळ फोडणाऱ्यांतले आबा नव्हते. पलीकडच्या कडुनिंबाखाली त्यांनी पदरमोड करून नवा चौथरा बांधून घेतला होता, त्याला चुन्याचा हात दिला होता आणि पुडीभर शेंदूरही आणून ठेवला होता. आपण सगळं रीतसर करतो, याचा आबांना अभिमान होता, आणि तो त्यांना लपवताही येत नसे.

भिंत म्हणायचे सगळे, पण ती माणसाने बांधलेली नव्हती. पारोळ्याच्या शिवारातून निघालेली काळ्या दगडाची ही उभी रांग कोणी दोरी लावून आखल्यासारखी सरळ धुळ्याच्या दिशेने गेली होती. पुस्तकात शिकलेल्या तरुण ओव्हरसियर साहेबांनी आबांना तिची जन्मकथा सांगितली होती. फार पूर्वी इथल्या जमिनीला चीर पडली, खालून तापलेला रस वर आला आणि चिरेतच थिजून दगड झाला. आजूबाजूची मऊ जमीन झिजत गेली, हा तेवढा उभा राहिला. वर दिसतो त्याच्या कितीतरी पट तो खाली गेलेला आहे. डोंगराकडून जमिनीच्या पोटातून येणारं पाणी त्याला अडतं, म्हणून वरच्या अंगाला विहिरी भरतात.

म्हणजे एके काळी भरायच्या. बंडाच्या साली कुणी एक गोरा कप्तान भिल्लांच्या मागे लागून इथवर आला. भिल्ल भिंतीआड होते आणि तोफा न्यायला वाट नव्हती. कप्तानाने सुरुंग लावून भिंतीला खिंडार पाडलं. पुढच्या पावसाळ्यात नाल्याने तीच वाट धरली, ती खोल खोल करत नेली आणि वरचं पाणी कायमचं खाली जाऊ लागलं. आबांच्या पणजोबांचा ऊस गेला, मिरची गेली. राहिली कोरडवाहू कपाशी, तीही पावसाच्या मर्जीची.

ही गोष्ट आबांनी पारोळ्यात सांगितली, जळगावात सांगितली, समोर बसेल त्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगितली. "साहेबानं आमचं पाणी फोडलं, आता आपलं सरकार आहे, ते सांधून द्या," हे त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे. स्वराज्याला दहा वर्षं होत आली तेव्हा कुठे मंजुरी आली. खिंड बुजवायची, पक्क्या दगडापर्यंत खणून सिमेंटचा बांध घालायचा. आबांना आपल्या हयातीत मोट भरून वाहताना पाहायची होती, दुसरं काही मागणं नव्हतं.

एकच गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. नकाशा गुंडाळताना ओव्हरसियर म्हणाले होते, "आबा, खालच्या वस्तीचा पिण्याच्या पाण्याचा झिरा मात्र आटेल. त्याला हेच पाणी जातं."

"पुढचं पुढं पाहू," आबा म्हणाले होते. आणि कामाला मजूर लावायची वेळ आली तेव्हा त्याच वस्तीतली माणसं लावली, कारण दगडाच्या कामाला त्यांच्यासारखा हात नव्हता. तेव्हापासून वस्तीवरून जाताना आबांच्याने बैलगाडी थांबवून कोणाची विचारपूस करवेना. सरळ मनाच्या माणसाला लपवाछपवी जमत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

तिसऱ्यांदा आपटल्यावर नारळ फुटला. आबांनी पाणी शिंपडलं आणि वस्तीचा नाईक निंबा याला हाक मारली.

"निंबा, पहिला दगड तुन्हा हातनी उचल. देव तुमना शे."

निंबा जागचा हलला नाही. त्याने आपल्या आईकडे, ताईबाईकडे पाहिलं. ताईबाई पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. तेवढ्यात ओव्हरसियर ढिगाशी गेले, एक दगड उचलून त्यांनी उन्हात धरला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हा इथं कसा आला?"

"का हो, काय झालं?" आबांनी विचारलं.

"ग्रॅनाईट आहे हा. बघा, गुलाबी, रवाळ. अख्ख्या खानदेशात असा दगड सापडायचा नाही. आणि हा तापीतला गोटा. हा तांबडा आणखी कुठला तरी. एका ढिगात इतक्या ठिकाणचे दगड?"

"तो गुलाबी मन्हा शे," ताईबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती सावकाश उठली, पुढे आली आणि ओव्हरसियरांच्या हातातला दगड तिने आपल्या हातात घेतला.

"नर्मदामायना पल्याडना शे. मन्हा माहेरना. साहेबनी भित फोडी, आमना लोके मारी टाकात. जे वाचनात ते पळनात. मन्हा आजा पळीसन तथा गया. मंग मन्हा बापनी माले परत आठे दिधी. निंघताना हातमा हाऊ दगड दिधा. म्हने, फुटेलमा टाक."

गावाने जिला साहेबखिंड म्हटलं, तिला वस्तीत फुटेल, म्हणजे फुटलेली, म्हणतात, हे आबांना ठाऊक होतं. तरी त्यांना काही उमगेना.

"मंग हाऊ देव कोन्ता?"

"देव?" ताईबाई हसली. तोंडातले उरलेले दात दिसेपर्यंत हसली. "देव नही, आबा. भर शे भर. एक लगीन, एक दगड. फुटेल बुजानं शे ना. बठ्ठ्या नवरीस्नी टाकेल शे."

आबांनी ढिगाकडे पाहिलं. नव्वद-शंभर वर्षांची लग्नं, आणि भर छातीपर्यंत आलेली. आपण इतकी वर्षं कशाला हात जोडत होतो, ते त्यांना आता कळलं आणि त्यांचे कान तापले. त्याहून जास्त एक गोष्ट लागली. कचेऱ्या-कचेऱ्यांतून त्यांनी जी कहाणी सांगितली, तिच्यात भिल्ल भिंतीआड होते, एवढंच होतं. पुढचं वाक्य सुरुंगाचं, आणि त्याच्या पुढचं उसाचं. मधे माणसं मेली होती हे ते कधी म्हणाले नव्हते, कोणी विचारलंही नव्हतं.

चौथऱ्याचा ताजा चुना उन्हात लखलखत होता. आबांनी टोपी काढून घाम पुसला.

"ताईबाई, एक गोट सांगानी ऱ्हायनी," ते म्हणाले. "आठे बांध व्हयना, ते तुमना झिरा..."

"आटी जाई," ताईबाईने वाक्य पुरं केलं. "ठाऊक शे. रोज पानी भरस मी. ते कथाईन येस हाई माले समजाऊ नही का?"

"आनि तरीबी कामले ऊनात?"

"फुटेल बुजाले ऊनूत," निंबा म्हणाला. "ते आमनं काम शे, आबा. तुमनं नंतरनं."

"मंग पानी कथाईन पिशात?"

ताईबाईला या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. "पानी तुमनी इहीरले चढी ना? मंग आम्ही तठे येसूत."

पुढचा बाजार कोणत्या वारी आहे हे सांगावं, तसं तिने सांगितलं. विनवणी नव्हती, धमकीही नव्हती.

वस्तीची घागर गावाच्या विहिरीवर आजवर आली नव्हती. तशी बंदी कोणी घातली नाही, त्यांना गरजच पडली नाही, असं आबा बाहेरच्या माणसाला सांगत असत, आणि सांगताना ते त्यांना खरंही वाटे. आता पाठीशी उभी असलेली गावची चार माणसं घसा खाकरू लागली होती. हो म्हणावं तर आज चावडीवर काय होईल ते आबांना दिसत होतं. निवडणूकही जवळ होती. आणि नाही म्हटलं असतं, तरी या माणसांनी बांध घातलाच असता. तहान पत्करून घातला असता. आबांना हे जास्त जड गेलं.

"ढीग कुठं टाकायचा मग?" ओव्हरसियरांनी विचारलं. "चौथऱ्यावर?"

"कुठंच नाही. बांधाच्या पायात घ्या," आबा म्हणाले.

"भरावाला चालेल तसा. पण..."

"मग पहिला थर याचाच."

ताईबाईने गुलाबी दगड ढिगावर परत ठेवला, पाटी उचलली आणि कामाला लागली. निंबाने पहार जमिनीत मारली.

दुपार कलली तेव्हा गावचा गवंडी पुना खिंडीच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून बांधाची दोरी ओढत होता. आबा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"पुना, बांधले पायऱ्या ठेव. खालथून वर, आनि वरथून आपली इहीरनाकडे."

"नकाशामा नही, आबा."

"मी सांगी ऱ्हायनू ना?"

पुनाने डोकं खाजवलं. "बरं. चढ कितला ठेऊ? नेहमीसारखा?"

आबा उतारावरून पाट्या घेऊन चढणाऱ्या बायांकडे बघत राहिले. सर्वांत पुढे ताईबाई होती, मान ताठ, पायाखाली न बघता चालणारी.

"नही. बुटक्या ठेव," ते म्हणाले. "डोकावर घागरी ऱ्हातीन."

पुनाने एकदा वस्तीकडे पाहिलं, एकदा गावाकडे पाहिलं, आणि दोरी खाली घेतली.