धुनीवरची पावलं

“बोला, अग्निनाथ महाराज की जय!”

शेंद्र्याच्या माळावर गर्दी नुसती उसळली होती. मधोमध लोखंडी ड्रम कापून केलेली धुनी धडधडत होती. महाराजांनी तिच्या काळ्या पत्र्यावरून कडुनिंबाची डहाळी फिरवली. जळके पापुद्रे गळाले आणि चांदीसारखी दोन पावलं उमटली!

“आग पापाला जाळती, पुण्याला नाय!” महाराज गरजले. “ही राख लावा, दवाखान्याची पायरी इसरा!”

सगळ्यांत पुढं सारजाबाई रडत होती. आमच्या शाळेत खिचडी शिजवायची ती. क्षयानं खंगली आणि काम सुटलं.

“गोळ्या मात्र सोडू नका,” मी म्हणाले.

“बाई, तुम्ही विज्ञान शिकिवता, तुम्हाला नाय पटायचं. पण ही धुनी माझ्या बन्सीनं केली. सख्खा भाऊ हाय. त्यात लबाडी कशी असंल?”

वाळूजला सायलेन्सरच्या कारखान्यात वेल्डर असलेला बन्सी शेजारीच उभा होता. तो वाकून धुनीत लाकडं सारायला लागला.

माझ्या नाकात मात्र जळक्या ऑइलपेंटचा वास बसला होता. दुसऱ्या दिवशी थंड धुनीवर नख ओढलं. काळा रंग भुगा होऊन निघाला. पावलांवर ओरखडाही नाही. असा रुपेरी रंग मी कुठं पाहिला होता? माझ्याच स्कूटरच्या सायलेन्सरवर.

गुलमंडीच्या बाजारातून तोच रंग आणला. जुन्या घमेल्यावर माझीच पावलं काढली, वाळवली, वरून साधा काळा ऑइलपेंट दिला. पुढच्या दर्शनाला ते घमेलं सगळ्यांदेखत जाळावर पालथं घातलं. काळा रंग फुगला, जळला. मी झाडू फिरवला. पावलं चमकली.

“ही माझी पावलं,” मी म्हणाले. “आता पडा माझ्या पाया! साधा रंग आगीत जळतो, सायलेन्सरचा टिकतो. चमत्कार एवढाच.”

महाराज “नास्तिक! नास्तिक!” म्हणत जीपकडं पळाले. सारजाबाई भावाकडं वळली. पदराला रक्ताचा डाग होता. खोकल्यातून पुन्हा रक्त पडायला लागलं होतं.

“बन्सी, तुला ठावं होतं?”

“आक्का, मठाच्या शेडचं काम देतो म्हणले महाराज…”

“मी गोळ्या उकिरड्यावर टाकल्या तवा तू उंबऱ्यात बसून चहा पीत व्हता. तवा तरी बोलायचं व्हतं रे.”

त्यानं तिचे पाय धरले. तिनं पाय मागं घेतले.

डॉक्टरांनी उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. सारजाबाई आता गोळी चुकवत नाही, पण भाऊबीजेला तिनं बन्सीला ओवाळलं नाही. पळालेला महाराज पुढं पोलिसांकडून पकडला गेला, याचा गावाला आनंद आहे. मला आठवते ती तिनं धुनीपाशी दिलेली ग्वाही: ‘सख्खा भाऊ हाय.’ बाबांनो, माणसावर माया जरूर करा. पण औषध सोडायला सांगणारा सख्खा असो की साधू, त्याला आधी विचारा: हे कशावरून?