ओठ टेकवायची जागा

नावाडी लिसबेटची कुंचल्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच योरिस काय ते समजला. बहिणीच्या गावी गेलेल्या त्याच्या बायकोला ताप आला आणि तापातच ती गेली. पुरूनही झालं होतं. पिशवी टेबलावर ठेवून नावाडी निघून गेला. योरिस समोरच्या पानावर सोन्याचा वर्ख बसवत राहिला. मधेच सोडला असता तर वर्ख धरला नसता.

ब्रुज शहरात सगळ्यांना ठाऊक होतं, हाती लिहिलेल्या पुस्तकांतल्या चित्रांत सोनं योरिसचं आणि तोंडं लिसबेटची. तोंड सगळ्यात शेवटी काढायचं. त्यामुळे बिअरवाल्याच्या बायकोच्या, कातलेइनेच्या प्रार्थनेच्या पुस्तकात देवदूत आला होता, लिलीची फुलं आली होती, निळ्या झग्यातली येशूची आई मारियाही गुडघे टेकून बसली होती. फक्त तिच्या मानेवर पानाचं कोरं कातडं होतं.

शेजारचा चित्रकार पाउवेल्स दोनदा येऊन गेला. "मी काढून देतो रे तोंड. एका दुपारचं काम."

योरिस पान पालथं घाली. तिथे दुसऱ्याचा हात लागला की लिसबेट खरोखरच गेली, असं त्याला वाटे.

शेवटी कातलेइने पोट सांभाळत स्वतःच जिना चढून आली. "मेस्तर, बाळंतपणात हे पुस्तक मला उशाशी हवंय. पोर काही तुमच्यासाठी थांबायचं नाही."

"तिच्याशिवाय तोंड कोण काढणार, बाई?"

कातलेइनेनं आईचं जुनं पुस्तक काढून पुढ्यात उघडलं. योरिसनं मारियेची बोटं लगेच ओळखली. लांब, करंगळी जराशी वाकडी. लिसबेटचंच काम, लग्नानंतरचं पहिलं. पण तोंडाच्या जागी नुसता मळका गुलाबी डाग होता.

"हे काय करून ठेवलंत?"

"मुके घेतले. आधी आईनं, मग मी. रोज."

"अहो, त्यासाठीच तर खाली सोन्याचा क्रूस काढून दिला होता! तोंड वाचावं म्हणून!"

"क्रूसाचे मुके कोण घेतंय?"

क्रूस खरंच नवाकोरा चमकत होता. त्याला कुणी शिवलंही नव्हतं. 'काढ तुझा क्रूस, बायका ऐकायच्या नाहीत,' असं लिसबेट तेव्हाच म्हणाली होती. योरिसला हसू फुटलं आणि मग बराच वेळ डोळे पुसावे लागले.

"तुम्हीच काढा," कातलेइने म्हणाली.

"मला नाक जमत नाही."

"वाकडं काढा. दोन वर्षांत पुसून टाकीन."

ती गेल्यावर त्यानं पिशवीची गाठ सोडली. सगळ्यात बारीक कुंचल्याच्या दांडीवर लिसबेटच्या दातांच्या खुणा होत्या. त्यानं रंग कालवला. संध्याकाळपर्यंत कपाळ झालं, गाल झाले, ओठ झाले. नाक वाकडंच आलं. या वेळी त्यानं चित्राखाली क्रूस काढला नाही.

डोळे तेवढे अजून काढायचे राहिले होते.